भावावर फौजदारी केस आहे. नाशिक कोर्टात तारखेला मी आत बसू शकते का?

हो, बसू शकता, त्यासाठी वेगळी परवानगी किंवा पास काढावा लागत नाही. फौजदारी खटला खुल्या न्यायालयात चालतो, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६६ सांगतं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, म्हणजे सीआरपीसीत, हेच कलम ३२७ होतं). अपवाद बलात्कार आणि पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या) खटल्यांचा, ते बंद दाराआड चालतात. एरवीही न्यायाधीश एखाद्याला बाहेर थांबायला सांगू शकतात. आणि एक गोष्ट वकिलांना आधीच विचारा: साक्षीदारांच्या यादीत तुमचं नाव आहे का? असेल तर तुमची साक्ष होईपर्यंत इतरांच्या साक्षी ऐकत बसू नका.

सीबीएसजवळच्या कोर्टात मी नातेवाइकाच्या तारखांना गेले आहे, त्यावरून सांगते: सकाळी लवकर पोचा, दाराबाहेरच्या बोर्डावर नंबर बघा आणि पुकारा होईपर्यंत हलू नका. चहाला गेलं की नेमका तेव्हाच पुकारा होतो! आत मोबाईल बंद, मागच्या बाकावर बसायचं. भाऊ नाशिकरोड कारागृहात असेल तर त्याला प्रत्यक्ष आणतील की व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर) दाखवतील, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. आणलाच, तर बोलण्याआधी किंवा डबा देण्याआधी त्याला घेऊन आलेल्या पोलिसांना विचारा, परस्पर काही हातात देऊ नका. पुढची तारीख ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर नंबर (केसचा सोळा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक) टाकला की दिसते.