आयरिश लोक स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर गोल्फ कोर्सशेजारी घरं का घेतात? आपणही घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की डब्लिनला नोकरीला येऊन तीन वर्षं झाली, ऑफिसातल्या दोघांनी मार्बेयाजवळ फ्लॅट घेतलेत, दर सोमवारी तिथल्या गोल्फच्या गोष्टी ऐकाव्या लागतात, आणि हप्ता झेपत असेल तर आपणही एक घ्यावा असं आता वाटू लागलंय. मी सतरा वर्षं आयर्लंडच्याच कॉर्क शहरात आहे. गोल्फ शेजाऱ्यामुळे लागला. हँडिकॅप २६, म्हणजे चेंडूपेक्षा गवतच जास्त उडतं. मार्बेयाजवळच्या मिहासच्या बाजूला सहा फ्लॅट बघितले आणि एकही न घेता परत आलो. पुढचं वाचताना हेही लक्षात असू द्या.

का घेतात, तर फेब्रुवारीसाठी. गोल्फ हे घरच्यांना सांगायचं कारण. त्याच किनाऱ्यावरच्या मालागाला वर्षाकाठी सुमारे २,९०० तास ऊन मिळतं, डब्लिनला त्याच्या निम्मं. डिसेंबरात आमच्याकडे चारनंतर अंधार. क्लबात नोव्हेंबर ते मार्च नुसता चिखल, खरी ग्रीन (भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ) बंद, फेअरवेवरच (मधल्या गवताच्या पट्ट्यावरच) थोडं गवत कापून तात्पुरतं ग्रीन केलेलं. चेंडू रुतला की उचलायचा, पुसायचा, परत ठेवायचा. आणि इथून विमानाने तीन तासांवर मार्बेयाच्या वरच्या अंगाला लास ब्रिसास, आलोहा, लोस नारान्होस असे कोर्स एकाला एक लागून आहेत, पुढे सोतोग्रांदेला वालदेरामा, जिथे १९९७ चा रायडर कप, म्हणजे युरोप विरुद्ध अमेरिका गोल्फचा सामना, झाला. युरोप खंडाच्या मुख्य भूमीवरचा तो पहिला. त्या किनाऱ्याचं खरं नाव 'कोस्ता देल सोल', उन्हाचा किनारा, पण लोक गमतीने 'कोस्ता देल गोल्फ' म्हणतात ते उगाच नाही.

शिवाय आयरिश माणसाला तिथे परकं वाटत नाही. तिथल्या फुएनहिरोला, बेनालमादेना या गावांत आयरिश पब आहेत, हर्लिंग या आयरिश खेळाची मॅच मोठ्या पडद्यावर लागते. आपण गोडा मसाला नेतो तसा आमचा शेजारी बॅगेतून बॅरीजचा चहा नेतो. ला कालाचं तीन कोर्सवालं रिसॉर्ट तर आयर्लंडच्या शेतकऱ्यांनी उभ्या केलेल्या विमा कंपनीच्या गटाकडे बरीच वर्षं होतं. (या किनाऱ्यावर वारशाचा पैसा घालवणारा आयरिश माणूस नवा नाही. डेरी शहरच्या रॉबर्ट बॉइडने आपला पैसा जनरल तोर्रिहोसच्या, स्पेनच्या राजाविरुद्धच्या बंडात घातला आणि डिसेंबर १८३१ मध्ये मालागाच्या वाळूवर गोळ्या खाल्ल्या. तिथल्या इंग्रजी दफनभूमीत त्याची कबर आहे. त्याने निदान फ्लॅट तरी घेतला नव्हता.)

खरी लाट आली २००० नंतर. आयरिश सरकारची एक बचत योजना होती, २००१-०२ मध्ये खाती उघडली गेली, चार युरो टाकले की सरकार एक घालायचं. पाच वर्षांनी, २००६-०७ मध्ये, लोकांच्या हातात पैसा आला आणि त्याच सुमाराला बिल्डरांची प्रदर्शनं हॉटेलांत भरत होती. माझ्या शेजाऱ्याच्या भावाने नकाशावरचा फ्लॅट बुक केला. २००८ मध्ये बिल्डर बुडाला. अशा आगाऊ रकमेला बँकेची हमी असायलाच हवी, असा कायदा स्पेनमध्ये १९६८ पासून होता, पण याच्या हातात हमीचा कागद नव्हता, नुसती पावती. २०१५ च्या अखेरीस तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पैसे ज्या बँकेत भरले ती बँकही जबाबदार असं ठरवलं, तेव्हा कुठे वकिलामार्फत बराचसा पैसा परत आला. मार्बेयाची तर नगरपालिकाच एप्रिल २००६ मध्ये भ्रष्टाचारामुळे बरखास्त झाली होती, बेकायदा परवान्यांची हजारो घरं मागे ठेवून. तेव्हापासून तिथे घर घेणारे शहाणे लोक ताकसुद्धा फुंकून पितात.

आता शेजाऱ्याच्या फ्लॅटबद्दल सांगतो, कारण जाहिरातीत हे दिसत नाही. जानेवारीत आठ दिवस राहिलो. दुपारी गॅलरीत अर्ध्या बाह्यांचा शर्ट चालतो, सूर्य बुडाला की संगमरवरी फरशीवर पाय ठेववत नाही. हीटर एकच, तो या खोलीतून त्या खोलीत न्यायचा. चादरी ओल्या नाहीत पण कोरड्याही नाहीत. सकाळी सातच्या आत गवत कापायचं यंत्र सुरू. कुंडीत दोन चेंडू सापडले, ते तो बरणीत जमवतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवख्याचा फटका उजवीकडे वळतो, म्हणून टीपासून (पहिला फटका मारायच्या जागेपासून) साधारण दोनशे मीटरवर, फेअरवेच्या उजवीकडचं घर फुकट मिळालं तरी घेऊ नका. आणि कोर्सला लागून राहता म्हणून खेळायला मिळत नाही, फी वेगळी भरावी लागते. हे कळल्यावर मला स्वतःचीच कीव आली.

त्याच्याबरोबर तिथल्या सोसायटीच्या वार्षिक सभेलाही गेलो. त्याला कोमुनिदाद म्हणतात. पोहण्याचा तलाव हिवाळ्यात तापवायचा का, यावर दीड तास. बारमाही राहणारे हवा म्हणत होते, वर्षातून दोन आठवडे येणारे नको. शेवटी एक डच बाई गॅलऱ्यांवरच्या कापडी छपरांच्या रंगावर घसरली. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीची पार्किंगवरची सभा आठवली, फक्त इथे दर वाक्याला भाषांतर. गमतीचा भाग सोडा, पण विकणाऱ्याने थकवलेली वर्गणी, चालू वर्षाची आणि मागच्या तीन वर्षांची, घेणाऱ्याच्या गळ्यात येते. 'बाकी नाही' असा दाखला घेतल्याशिवाय सही करू नका. मालकीच्या नोंदीचा उतारा (नोटा सिंप्ले) आणि इमारतीचा भोगवटा परवाना बघा, आणि वकील स्वतःचा लावा, एजंटने सुचवलेला नको.

पैशाचं गणित: अंदालुसियात जुन्या घरावर ७ टक्के कर, नव्यावर १० टक्के व्हॅट अधिक १.२ टक्के मुद्रांक शुल्क. तीन लाख युरोंच्या जुन्या फ्लॅटला २१,००० इथेच गेले. भाड्याने दिलं नाही तरी घराच्या सरकारी मूल्याचे १.१ किंवा २ टक्के तुमचं उत्पन्न समजून त्यावर १९ टक्के घेतात. उद्या पुण्याला, म्हणजे युरोपियन युनियनबाहेर, परतलात तर तोच दर २४ टक्के. 'भाड्यावर हप्ता निघेल' हे तर विसराच, पर्यटकांना नव्याने भाड्याने द्यायला ३ एप्रिल २०२५ पासून सोसायटीची तीन पंचमांश संमती लागते.

आणि तुमच्या सहकाऱ्यांत नि तुमच्यात मोठा फरक पासपोर्टचा आहे. ते युरोपियन नागरिक, मनात आलं की चार महिने जाऊन राहतील. तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असणार. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, त्यामुळे स्वतःच्याच घरी जायला तुम्हाला व्हिसा काढावा लागेल, आणि १८० दिवसांत ९० दिवसच राहता येईल. पाच लाख युरोंच्या घरावर मिळणारा 'गोल्डन व्हिसा', म्हणजे तिथे राहायचा परवाना, भाड्याची वरची अट आणणाऱ्या कायद्यानेच, त्याच ३ एप्रिलला बंद झाला. आयरिश नागरिकत्व मिळेपर्यंत थांबलात तर हा अडसर जाईल, तोवर घाई कसली?

मी दर फेब्रुवारीत शेजाऱ्याच्याच इमारतीत तीन आठवडे भाड्याने राहतो. तुम्हीही आधी तसंच करा. पण मे महिन्यात जाऊ नका, तेव्हा सगळेच फ्लॅट छान दिसतात. जानेवारीत जा, संध्याकाळी सातला फ्लॅट बघायला मागा, आणि एजंट गॅलरी दाखवत असताना गादीखाली हात घालून बघा.