झाडांची वंशावळ: वनस्पतिशास्त्र की बायोटेक?

प्रिय विद्यार्थिनी,

वृक्षांच्या जाती एकमेकींपासून कशा फुटत गेल्या हे तुला डीएनएवरून शोधायचं आहे. घरचे म्हणतात, वनस्पतिशास्त्र जुनं झालं, बायोटेक घे. आणि गणिताची तुला धास्ती आहे. तुझं पत्र थोडक्यात एवढंच, बरोबर ना?

जुनं वगैरे काही नाही. डीएनए हाती आल्यावर या शास्त्राला अर्धं घर नव्याने लावावं लागलं. कमळ आणि कुमुदिनी बहिणी वाटतात, पण जनुकं पाहिली तर कमळाचे जवळचे नातलग निघाले चिनारासारखे वृक्ष! हे नुसत्या डोळ्यांना कळलं नसतं.

आता कामाचं खरं स्वरूप सांगतो. पान तोडायचं, सिलिका जेलमध्ये सुकवायचं, मग प्रयोगशाळेत डीएनए वेगळा काढायचा. काष्ठमय झाडं इथेच छळतात. त्यांच्या पानांत टॅनिन (तुरट द्रव्य) आणि चिकट शर्करा भरपूर असतात, अर्क तपकिरी होतो आणि आठवड्याची मेहनत वाया जाते. शिवाय काहींचा जनुकसंच, म्हणजे पेशीतला संपूर्ण डीएनए, अवाढव्य असतो. नॉर्वे स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचा २०१३ साली वाचला गेला, तो सुमारे २० अब्ज डीएनए-अक्षरांचा, म्हणजे माणसाच्या सहापटीहून मोठा. म्हणून बहुतेक जण सगळं न वाचता निवडक जनुकंच वाचतात. सपुष्प वनस्पतींसाठी ३५३ जनुकांचा एक ठरलेला संच आहे. तो हर्बेरियममधल्या (सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) कित्येक दशकं जुन्या नमुन्यांवरही बऱ्याचदा चालतो.

खरी गंमत पुढे आहे. ही जनुकं एकमेकांशी भांडतात. ओकच्या जातींत आपसांत संकर होतो. त्यामुळे हरितलवकाचा (पेशीतल्या हिरव्या, अन्न बनवणाऱ्या भागाचा) डीएनए एकाच रानातल्या वेगवेगळ्या जातींना सख्खं ठरवतो, तर केंद्रकातला डीएनए वेगळंच सांगतो. कुणाचं ऐकायचं? इथे संभाव्यता आणि संख्याशास्त्र लागतं. तुला ज्या गणिताची धास्ती आहे, ते बहुधा परीक्षेतलं आहे. हे गणित प्रश्न समोर असला की शिकता येतं, असा माझा अनुभव आहे. मात्र टाळता येणार नाही, कारण या क्षेत्रात रानापेक्षा संगणकासमोर जास्त वेळ जातो.

म्हणून माझं मत: पदवी वनस्पतिशास्त्राची घे, जोडीला जनुकशास्त्र, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग. उलट दिशेने, म्हणजे बायोटेककडून झाडांकडे येणारे मी पाहिले आहेत. यंत्र उत्तम चालवतात, पण नमुन्यावरचं नाव चुकलंय हे त्यांना उमगत नाही. चुकीच्या नावाचं पान गेलं की पुढची सगळी वंशावळ खोटी.

नोकरीबद्दल गोड बोलत नाही. संशोधनातल्या कायम जागा थोड्या, आणि पीएचडीशिवाय तिथे शिरकाव कठीण. पण जनुकीय माहितीचं विश्लेषण ज्याला येतं, त्याला पीक-सुधारणा, वनसंवर्धन, वैद्यकीय संशोधन अशा वाटा उघड्या राहतात. हा परिच्छेद घरच्यांना आधी वाचायला दे.

तोवर एक काम कर. ओळखीची दहा झाडं निवड, पानाफुलांवरून त्यांचं नातं कागदावर रेखाट. मग जेनबँक या डीएनए-क्रमांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहातून त्यांच्या एकाच जनुकाचे क्रम उतरवून घे (फुकट मिळतात) आणि मोफत सॉफ्टवेअरने वंशवृक्ष काढ. दोन्ही चित्रं कुठे जुळत नाहीत ते पुढच्या पत्रात कळव.