प्रतिस्पर्ध्याचं पाणी जोखताना

प्रिय दोस्ता,

फुटबॉल लीगच्या नव्या हंगामात आपला प्रतिस्पर्धी संघ कुठे असेल, हा तुझा अंदाज वाचला. पहिलीच ओळ "यंदा ते संपले", आणि पुढे दीड पानभर त्यांच्या नव्या स्ट्रायकरची टिंगल. टिंगल छान जमली आहे, ती ठेव, डर्बीच्या, म्हणजे आपल्या-त्यांच्या मॅचच्या दिवशी कामाला येईल. अंदाज म्हणून मात्र कागद कच्चा आहे. त्यांचे सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू, तिशीपुढचे, म्हणून तू त्यांना सातव्या नंबरावर ढकललंस. आपलेही दोघे तिशीपुढचेच, पण तिथे तोच मुद्दा "अनुभव" झाला.

प्रतिस्पर्ध्याला मोजताना माणूस दोन प्रकारे फसतो. एक तर मनात असतं तेच दिसतं. नाहीतर मागच्या डर्बीत तीन गोल खाल्लेले असतात आणि त्यांच्या बेंचवरचा पोरगाही भीम वाटायला लागतो. दोन्हींवर उतारा एकच. कागदावर दोन रकाने आख, एक त्यांचा, एक आपला. त्यांच्या रकान्यात जे लिहिशील ते आपल्याही रकान्यात तपासल्याशिवाय पुढची ओळ लिहायची नाही. काम कंटाळवाणं आहे, पण निम्मा खोटेपणा इथेच गळून पडतो.

मागच्या हंगामाचे गुण सगळ्यात शेवटी बघ. आधी गोलफरक, म्हणजे मारलेले गोल वजा खाल्लेले गोल. वीस संघ आणि ३८ मॅचच्या लीगमध्ये साधारण चारातली एक मॅच बरोबरीत सुटते, त्यामुळे सरासरी संघाच्या पदरात ५२च्या आसपास गुण पडतात. गोलफरकाला ०.६५ने गुणून त्यात ५२ मिळव. जो आकडा येईल तेवढे गुण त्या खेळाला साजेसे. खरे गुण याच्या फार वर असतील तर समज, एका गोलाने काढलेल्या मॅच जास्त आहेत, आणि तसलं नशीब पुढच्या वर्षी सोबत येतंच असं नाही.

करून बघ. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०२३-२४ला मँचेस्टर युनायटेडचे गुण ६०, आठवा नंबर. गोलफरक उणे १. हिशोबाने ५१. पुढच्या हंगामात ४२ गुण आणि पंधरावा नंबर आला तेव्हा सगळे दचकले, पण निम्मी घसरण आधीच तक्त्यात बसलेली होती. २०१२-१३चं त्यांचंच विजेतेपद घे: ८९ गुण, गोलफरक ४३, हिशोबाने ८०. मॅनेजर फर्ग्युसन निवृत्त झाले, पुढच्या वर्षी ६४ गुण आणि सातवा नंबर, आणि सगळं खापर नव्या मॅनेजरच्या डोक्यावर फुटलं. फर्ग्युसन जाणं ही मोठी गोष्ट होतीच. पण नऊ गुणांची सूज ते असतानाच होती.

आता हेच सूत्र तोंडावर कसं आपटतं तेही बघ, नाहीतर त्याची पूजा करायला लागशील. २०१३-१४मध्ये टॉटेनहॅमचा गोलफरक फक्त ४, गुण ६९. हिशोबाने जेमतेम ५५ यायला हवेत. कारण शोधलं तर पाच मॅच सापडतात: मँचेस्टर सिटीकडून ६-० आणि ५-१, लिव्हरपूलकडून ५-० आणि ४-०, चेल्सीकडून ४-०. या पाचांतच उणे २३. सहा गोलांनी हरलं काय नि एका गोलाने हरलं काय, जातात तीनच गुण. म्हणून मोठ्या फरकाच्या मॅच तीन गोलांवर कापून परत बेरीज करायची. इथे कापूनही हिशोब साठाच्या आसपासच येतो, नऊ गुण वर उरतातच. पुढच्या वर्षी टॉटेनहॅम ६४ वर आलं.

गोलफरकानंतर एक्सजी, म्हणजे अपेक्षित गोल: मिळालेल्या संधी बघता किती गोल व्हायला हवे होते, तो आकडा. तो घेताना पेनल्टी वगळूनच घे. एका पेनल्टीची किंमत पाऊण गोलाहून थोडी जास्त धरतात. वर्षात दहा पेनल्टी मिळाल्या तर साडेसात गोल तिथूनच आले, आणि पुढच्या वर्षी दहाच्या चारही होतात. अपेक्षित गोलांपेक्षा कितीतरी जास्त गोल मारलेला स्ट्रायकर दिसला की त्याची मागची तीन-चार वर्षं काढ. वर्षानुवर्षं हे जमवणारे मेस्सीसारखे अपवाद असतात. बाकीचे परत जमिनीवर येतात. गोलकीपरचंही तसंच. एका वर्षाच्या अफाट बचावावर संघ तरला असेल तर त्या रकान्यात प्रश्नचिन्ह टाक. तुझ्या कागदात त्यांच्या गोलकीपरचं नावही नाही. मागच्या वर्षीचे त्यांचे किती गुण त्याच्या हातमोज्यांतून आले, हे आधी काढ.

इथवर झालं मागच्या वर्षाचं. पुढच्या वर्षाचं काम मिनिटांपासून सुरू होतं.

३८ मॅच गुणिले ९० म्हणजे एका जागेची ३४२० मिनिटं. अकरा जागांची ३७,६२०. त्यांच्या प्रत्येक खेळाडूपुढे मागच्या वर्षीची लीगमधली मिनिटं लिही, मग गेलेल्यांची नावं खोड. तू लिहिलंस, "सहा जण गेले, संघ विस्कटला." ते सहा मिळून किती खेळले? बाराशे मिनिटं खेळले असतील तर गेली तीन टक्के, म्हणजे काहीच नाही. उलट दोघेच गेले, पण दोघेही तीन-तीन हजार मिनिटांचे सेंटर-बॅक असतील, तर सोळा टक्के गेली, आणि तीही एका जोडीची. नावं मोजू नकोस, मिनिटं मोज.

वयही मिनिटांनीच तोल. बेंचवर बसलेला छत्तीस वर्षांचा गोलकीपर सरासरी वय वाढवतो, संघ म्हातारा करत नाही. धावण्यावर जगणारे विंगर (कडेचे हल्लेखोर) आणि फुलबॅक (कडेचे बचावपटू) लवकर उतरतात, सेंटर-बॅक आणि गोलकीपर उशिरा. बत्तिशीचा सेंटर-बॅक फारसा चिंतेचा नाही. वर चढून प्रेस करणाऱ्या, म्हणजे अंगावर जाऊन चेंडू हिसकावू बघणाऱ्या संघातला बत्तिशीचा फुलबॅक चिंतेचा आहे.

मग संघाची खोली, म्हणजे बदली खेळाडू. प्रत्येक जागेपुढे दुसरं नाव लिही, आणि हा नियम पाळ: एक नाव एकदाच. "तो तिथेही खेळतो" हे वाक्य फार महाग पडतं. २०१९-२०मध्ये लिव्हरपूल ९९ गुणांनी विजेते होते. ऑक्टोबर २०२०मध्ये सेंटर-बॅक व्हॅन डाइकचा गुडघा गेला, मग गोमेझ, मग मातिप, हे दुसरे सेंटर-बॅकही जखमी. मधल्या फळीतले फाबिन्यो आणि हेंडरसन बचावात आले. म्हणजे भोक पडलं मागे आणि मोकळी झाली मधली फळी. चेंडू पुढे जाणंच मंदावलं. घरच्या मैदानावर लीगच्या ओळीने सहा मॅच हरले. शेवटी तिसरा नंबर आला खरा, पण ६९ गुणांवर. तुझ्या कागदात त्यांचा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर, म्हणजे बचावफळीच्या पुढ्यात उभा राहणारा, तीन ठिकाणी लिहिलेला आहे. तो जखमी झाला तर तीन जागा एकदम रिकाम्या होतील.

नव्या खेळाडूंबद्दल हात आखडता ठेव, त्यांच्या आणि आपल्याही. टॉटेनहॅमने २०१३मध्ये आपला हुकमी खेळाडू बेल विकला. आदल्या हंगामात संघाच्या ६६ लीग गोलांपैकी २१ त्याचे. आलेल्या पैशातून सात जण आणले. संघाचे गोल ५५वर आले आणि मॅनेजरची नोकरी डिसेंबरमध्ये गेली. त्या सातांतला एरिक्सन पुढे अनेक वर्षं संघाचा कणा झाला, म्हणजे खरेदीच वाईट होती असंही नाही. सात जण एकदम रुजत नाहीत एवढंच. नवा माणूस दुसऱ्या लीगमधून येतोय का, त्याने प्री-सीझन, म्हणजे हंगामाआधीचा सराव, पूर्ण केला का, आणि आधीच्या संघात त्याला चेंडू कुठे मिळायचा, हे तीन प्रश्न विचार. प्रतिहल्ल्यावर मोकळ्या जागेत धावून गोल मारणाऱ्याला असा संघ मिळाला, की ज्याच्यासमोर सगळे अकरा जण मागे बसतात, तर त्याचे गोल निम्म्यावर येऊ शकतात आणि त्यात त्याची चूक नसते. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आलेल्याला डिसेंबरपर्यंत अर्धाच धर.

मॅनेजर बदलला असेल तर "चांगला की वाईट" हा वाद सोड. त्याच्या रचनेत कुठली जागा नव्याने तयार होते आणि कुठली पुसली जाते, ते बघ. तीन सेंटर-बॅक खेळवणारा आला तर विंगरना घर उरत नाही आणि अख्खी कड एकट्याने सांभाळणारे विंगबॅक लागतात, ते आहेत का? २०१६मध्ये नवा मॅनेजर कॉन्तेने आर्सेनलकडून ३-० हरल्यावर चेल्सीची रचना तीन सेंटर-बॅकची केली, मोझेस आणि अलोन्सो कडांवर नेमके बसले आणि लीगच्या ओळीने तेरा मॅच जिंकल्या. पण त्या वर्षी चेल्सीला युरोप, म्हणजे आठवड्याच्या मधल्या युरोपीय स्पर्धा, नव्हतंच, हे सांगताना लोक विसरतात. आदल्या हंगामात ५० गुणांवर दहावं आल्याचा तो फायदा! आठवडाभर सराव, ताजे पाय, ९३ गुण.

म्हणून कॅलेंडर उघडून बसच. चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यातच आता आठ मॅच असतात. युरोपा लीगवाल्यांची मॅच बहुतेक गुरुवारी, मग रविवारी लीग. मध्ये सराव कसला, मसाज आणि प्रवास. मागच्या वर्षी युरोप नव्हतं आणि यंदा आहे, असा प्रतिस्पर्धी असेल आणि बेंच पातळ असेल, तर तीन-चार गुण कापायला हरकत नाही. उन्हाळ्यात मोठी स्पर्धा झाली असेल तर त्यांचे किती जण शेवटच्या आठवड्यापर्यंत खेळले तेही बघ. प्री-सीझनच्या मैत्रीपूर्ण मॅचचे निकाल मात्र कागदावर आणूच नकोस. त्यातून घ्यायचं एकच: कोण कुठे उभा राहिला.

पैशाचं थोडक्यात. ६ कोटी पौंडांचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला की हिशोबात दरवर्षी १.२ कोटी पडतात. दोन वर्षांनी त्याची वहीतली किंमत ३.६ कोटी, ३ कोटींना विकला तर तोटा दिसतो. अकादमीतून आलेल्या पोराची वहीतली किंमत शून्य, त्यामुळे तो विकला की सगळा नफा. "नकोसा विंगर विकून टाकतील" असं तू सहज लिहून गेलास तिथे हे गणित घाल. लाडका घरचा पोरगा आधी विकला जाण्याची शक्यता तुला नवल वाटेल इतकी असते.

एवढं झाल्यावर त्यांच्या तीन पूर्ण मॅच बघ, हायलाइट्स नाहीत. एक मागे बसणाऱ्या संघाविरुद्धची, एक वर येऊन प्रेस करणाऱ्याविरुद्धची, आणि एक बाहेरच्या मैदानावरची, ज्यात ते आधी आघाडीवर गेले. पहिली पंधरा मिनिटं चेंडू सोडून फक्त त्यांच्या डिफेन्सिव्ह मिडफिल्डरकडे बघ. चेंडू मिळण्याआधी तो मान वळवून मागे बघतो का, पाठीवर माणूस असताना चेंडू घेतो की आल्या पावली गोलकीपरकडे परत देतो. मग डावा फुलबॅक वर गेला की मॅच थांबव आणि मागे किती जण उरलेत ते मोज. दोन सेंटर-बॅक आणि त्यांच्यापुढे एक, इतकेच असतील आणि तो एक उजवीकडे सरकलेला असेल, तर डाव्या कडेवर तीस मीटरची मोकळी पट्टी दिसेल. समोरच्यांनी चेंडू हिसकावला की पहिला पास तिथेच जातो. हे एकदा दिसलं तर अपघात. तिन्ही मॅचमध्ये दिसलं आणि मॅनेजर तोच राहिला असेल, तर ते यंदाही दिसणार. त्यांनी खाल्लेले गोल या पट्टीशी ताडून बघ, आणि मगच त्या फुलबॅकला "भंगार" म्हण. बहुतेकदा दोष त्याचा नसतो, त्याच्यामागे न सरकणाऱ्याचा असतो.

शेवटी आकडा लिहिताना एक नंबर नको, पट्टा लिही. एकाच ताकदीचा संघ ३८ मॅचमध्ये नुसत्या नशिबाने सात-आठ गुण इकडेतिकडे होतो, म्हणून "६६, पण ५९ ते ७३" असं. पट्टा रुंद वाटला तरी अरुंद करू नकोस. आणि त्यालाही भीक न घालणारे हंगाम येतात. २०१४-१५मध्ये ८७ गुणांनी जिंकलेल्या चेल्सीचे वर्षभरात ५० झाले. कुठल्याही वहीत ते मावलं नसतं.

कागद पहिल्या मॅचच्या आदल्या रात्री बंद कर, तारीख घाल, आणि दहा मॅच होईपर्यंत हात लावू नकोस. दहानंतरही गुणांवरून घाई नको. २०१५-१६मध्ये इटलीच्या युव्हेंटसचे दहा मॅचमध्ये १२ गुण होते. पिर्लो, विदाल, तेवेस हे मोठे खेळाडू एकाच उन्हाळ्यात संघ सोडून गेलेले, सगळ्यांनी संघाचं मर्तिक उरकून घेतलं. हंगाम संपला तेव्हा ९१ गुण आणि विजेतेपद. दहाव्या मॅचला तपासायचं ते एवढंच: तू लिहिलेले अकरा जण खरंच खेळतायत का, आणि पेनल्टी वगळून त्यांचा एक्सजी फरक तुझ्या अंदाजाच्या बाजूचा आहे का.

आता मिनिटांचा तक्ता आधी कर आणि पाठव. डाव्या फुलबॅकच्या जागी दुसरं नाव कोणाचं घालतोस ते मला बघायचं आहे. माझ्या यादीत ती जागा अजून रिकामी आहे, त्यांच्याही आणि आपल्याही रकान्यात.