वाचकांचे प्रश्न : संदेश चांगला देतो, तरीही थांबायचे?

प्रश्न : मी पिंपरीतील एका कारखान्यात नोकरी करतो आणि आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) चार वर्षे तरुण संघाचे काम पाहतो. माझा संदेश, म्हणजे प्रवचन, लोकांना आवडतो. नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जाण्याचा विचार आहे. परंतु पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) ‘अजून थोडे थांबा’ म्हणतात आणि पत्नीही साशंक आहे. सेवकाच्या अंगी नेमके कोणते गुण असावे लागतात?

उत्तर : संदेश लोकांना आवडतो, हे तुम्ही आवर्जून लिहिलेत, आजारी माणसाच्या घरी किती वेळा गेलात, हे मात्र लिहिले नाही. बायबलमधील, पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अध्यक्षाच्या, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्याच्या, अंगचे गुण दिले आहेत. त्यांत शिकवण्याचे कौशल्य आहेच, पण बाकीचे बहुतेक सारे, म्हणजे सौम्यपणा, अतिथिप्रेम, द्रव्यलोभ नसणे, घर नीट चालवणे, हे व्यासपीठावरून खाली उतरल्यावरच दिसणारे आहेत. आणि तो नवशिका नसावा, अशीही अट आहे. तुमच्या पाळकसाहेबांच्या मनात बहुधा तीच असावी.

सेवेत नवा असताना मी पुण्यातील एका रुग्णालयात मंडळीतल्या एका वृद्ध गृहस्थांना भेटायला गेलो होतो. तेविसावे स्तोत्र वाचले, मग डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली. डोळे उघडले तेव्हा शेजारच्या खाटेवरील रुग्णाची बायको या वृद्ध गृहस्थांना बशीतून चहा पाजत होती. त्यांच्या एका हाताला सलाइन होते, दुसरा थरथरत होता, आणि मी आलो तेव्हापासून चहा स्टुलावर निवत होता. मला तो दिसला नव्हता. ऐकण्याची आणि पाहण्याची ही सवय मी सर्वांत वरची मानतो, कारण ती नसेल तर उत्तम संदेशही भलत्याच माणसाला उद्देशून दिला जातो.

पंडिता रमाबाईंचे काम या दृष्टीने पाहावे. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या या विदुषीने १८९०मध्ये विधवांसाठी काढलेले शारदा सदन मुंबईहून पुण्यात आणले आणि पुढे दुष्काळात सापडलेल्या मुलींना केडगावात आसरा दिला. त्या मुलींना कळेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र (बायबल) असावे, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अखेरपर्यंत भाषांतर करीत राहिल्या. समोर बसलेल्या बाईला जे समजत नाही ते आपल्याला सांगता येत नाही, असे मानायला एवढ्या विद्वत्तेनंतर किती नम्रता लागत असेल! (आपल्याकडे मात्र सेमिनरीतून, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयातून, परतलेल्या कित्येकांचे मराठी आधी बिघडते.)

पैशाविषयी थोडक्यात सांगतो. दानार्पण एकट्याने मोजू नका आणि तरुण संघाचा हिशेब आजच दुसऱ्या कोणाला तपासायला द्या. त्यावर तुम्हाला राग आला, तर तो राग पाळकसाहेबांना प्रामाणिकपणे सांगा.

पत्नीची शंका हा अडथळा समजू नका. पगार थांबल्यावर घरभाडे आणि मुलांची फी कशी भागवायची, हा तिचा प्रश्न असेल तर तो व्यवहाराचा आहे आणि त्याला आकड्यांतच उत्तर द्यावे लागेल. ‘प्रभू पुरवील’ एवढे म्हणून ते टाळू नये. सेमिनरीचा अर्ज एक वर्ष पुढे ढकला, नोकरी चालू ठेवा आणि दर शनिवारी पाळकसाहेबांबरोबर घरभेटींना जा. पहिले सहा महिने तिथे प्रार्थना त्यांनाच करू द्या.