“मॅडम, एमबीए सोडू का?”

एवढा प्रश्नही सुमितनं (नाव बदललंय) इतका हळू विचारला, की मला पुढे झुकून ऐकावा लागला. मूळचा गंगाखेडचा, बी.कॉम., दोन वर्षं पतसंस्थेत नोकरी केलेला. कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) तिसऱ्या फेरीत नवी मुंबईतल्या बेलापूरच्या एका कॉलेजात नंबर लागला, तोवर हॉस्टेल भरून गेलेलं. म्हणून मुक्काम कळव्याला मावशीकडे. ओरिएंटेशनचा दुसरा आठवडा चालू होता. गटातली बाकीची पोरं फाडफाड बोलतात, आपल्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणजे हे आपलं कामच नाही, असं त्याचं गणित.

मी समुपदेशक. ऑगस्ट लागला की अशी मुलं माझ्याकडे येतातच. सवयीनं मी त्यालाही इंग्रजीचा धसका घेतलेला गावाकडचा मुलगा समजले आणि एका मिनिटात स्वतःची ओळख कशी करून द्यायची याचा सराव घेतला. दुसऱ्या भेटीत तो जसाच्या तसा! निदान आधी आणि चौकशी नंतर, ही चूक इतक्या वर्षांनीही होते.

मग त्याला कालचा दिवस तासातासानं लिहायला लावला. पहाटे पाचला उठायचं, कारण काकांची पहिली पाळी आणि याचं अंथरूण हॉलमध्ये. ठाण्याला गाडी बदलून ९-१० नंबरवरून पनवेल लोकल. दिवसभर पाहुण्यांची भाषणं, खेळ, सीनियर्सची ओळखपरेड. शिवाय गटाला दिलेली केस, म्हणजे एखाद्या कंपनीपुढचा प्रश्न. ती सोडवायला पोरं रात्री अकराला कॉलवर जमतात. मावशीचं घर वन बीएचके, दहाला दिवा बंद. हा चादरीत डोकं घालून, स्वतःला म्यूट करून सगळं ऐकतो.

“आणि मुद्दा सुचला तर?”

“टाइप करतो. तोवर ते पुढे गेलेले असतात.”

“सुमित, आत्ता इथे कुणी झोपलंय का रे?”

तो बघतच राहिला. मग पहिल्यांदा हसला.

तिथून आम्ही एमबीए बाजूला ठेवलं आणि खोलीवर बोललो. (हे समुपदेशकाचं काम नव्हे, असं माझी एक मैत्रीण म्हणते. म्हणू दे.) एका एजंटानं नुसते फोटो पाठवून पाच हजार टोकन मागितलं होतं. न बघता पैसे द्यायचे नाहीत, हे पतसंस्थेतल्या मुलाला सांगायची गरज पडली नाही. सोसायट्यांमध्ये ‘बॅचलर नको’ ऐकून झालं होतं. बेलापुरात आग्रोळी, शहाबाज ही सिडकोनं नवी मुंबई वसवली त्याच्या आधीपासूनची गावं आहेत. तिथे गावकऱ्यांच्या इमारतींत मुलांना खोल्या मिळतात, मालक बहुतेक खालीच राहतो. लिफ्टची आशा धरू नये, खिडकी उघडली की समोरच्याची भिंत. म्हटलं, अंधार पडल्यावर जाऊन बघ. पाणी किती वेळ येतं ते मालकाला नको, वर राहणाऱ्या पोरांना विचार. तिघांत खोली घेणार असाल तर लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचं करारपत्र, लेखी आणि नोंदणी केलेलंच हवं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नं ती जबाबदारी मालकावरच टाकली आहे, तेव्हा मागायला लाजू नकोस.

पण घोडं अडलं होतं मावशीपाशी. “माझं काय चुकलं, असं म्हणेल ती.” कॉलेजनं हॉस्टेल सक्तीचं केलंय, अशी थाप मारायचं त्यानं ठरवून टाकलं होतं. ते मी होऊ दिलं नाही. माझ्यासमोर, माझ्याकडे बघत, खरं कारण त्याला तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा आवाज दाराबाहेर गेला असेल.

मावशी रुसलीच. आठवडाभर फोन नाही. मग काकांच्या हाती शेंगदाण्याची चटणी आली.

सप्टेंबरात सुमितचा फोन आला, आग्रोळीतल्या खोलीतून. केसचं प्रेझेंटेशन बेताचंच झालं म्हणाला. सोडण्याचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. बोलता बोलता मागून कुणा बाईचा आवाज आला, “अरे, जरा हळू बोल की!”

“घरमालकीण,” तो म्हणाला. “रोज ओरडते.”