आपल्या वाट्याचा वारा

अरे,

तुझा निरोप रविवारी रात्री उशिरा आलेला. सोमवारी पहाटे सरावाला सायकलच्या रोलरवर बसायच्या आधी वाचला आणि मग रोलरवर बसलेच नाही. "ताई, शनिवारच्या सायकल शर्यतीत राब राब राबलो तर अडतिसावा आलो. रविवारच्या शर्यतीत दुसऱ्यांच्या चाकामागे बसून राहिलो तर दुसरा. मग शहाणपण कशात आहे?" दोन दिवस हे वाक्य डोक्यात घेऊन फिरतेय. फोनवर बोलले असते तर चिडले असते, म्हणून लिहितेय.

उत्तर आधीच देऊन टाकते. दोन्ही दिवशी तू एकच चूक केलीस. शनिवारी तू रांगेच्या पुढे राहून आपल्या वाट्यापेक्षा जास्त वारा अंगावर घेतलास, रविवारी वाट्याचाही घेतला नाहीस. तुला या दोन विरुद्ध गोष्टी वाटतात, कारण तू नंबराकडे बघतोयस. मी दोन्ही दिवस बाटल्या घेऊन वळणावर उभी होते, मला तुझं कोपर दिसत होतं.

शनिवारी पाचव्या फेरीत चौघे निसटले तेव्हा कोणीतरी पाठलाग करायलाच हवा होता. तू पुढे गेलास, ते बरोबर केलंस. पण पुढच्या दोन्ही फेऱ्यांत मी पाहिलं तेव्हा पुढे तूच. तुझ्या मागे आपल्याच चार जर्सी अगदी आरामात बसलेल्या. त्यांना मी वेगळं झापणार आहे, ते माझ्यावर सोड. पण तूही मागच्याला पुढे बोलावायला एकदासुद्धा कोपर हलवलं नाहीस, बाजूला सरकला नाहीस, 'आता तू ये' म्हणाला नाहीस. का? कारण ते ओढणं तुला आवडत होतं. सगळा बंच, म्हणजे सगळा घोळका, आपल्या मागे एका रांगेत ताणला गेलाय, ही भावना फार गोड असते, मला माहीत आहे. त्या चौघांचा ब्रेक, म्हणजे पुढे निसटलेला गट, गाठला तेव्हा नऊ किलोमीटर उरले होते आणि तुझ्या पायांत काहीच उरलं नव्हतं. शेवटच्या किलोमीटरला आपला स्प्रिंटर, शेवटी जोर मारणारा, कोणाचं चाक धरायचं ते शोधत राहिला आणि चौथा आला. पाच जणांनी दोन-दोन मिनिटं वाटून घेतली असती तर त्याला पुढे घेऊन जायला तू असतास. याला राबणं म्हणत नाहीत. दुसऱ्यांच्या हातचं काम ओढून घेणं म्हणतात.

आता रविवार. पंचेचाळीस मिनिटं अधिक तीन फेऱ्यांची क्रिट, म्हणजे छोट्या मार्गावर फेऱ्या मारायची शर्यत, चौघांचा ब्रेक, त्यात तू. सुरुवातीला नीट टर्न घेत होतास, आपली पाळी आली की पुढे येत होतास. शेवटच्या सहा फेऱ्या तू मागे चिकटलास. प्रत्येक वळणानंतर पुढचा कोपर हलवतोय, बाकीचे दोघे तुझ्याकडे वळून बघतायत आणि तू मान खाली घालून बसलायस. दुसरा आलास. मग त्यातल्या एकाने सगळ्यांशी हात मिळवला आणि तुझ्याशी मिळवला नाही, हे तू निरोपात शेवटी, जाता जाता लिहिलंयस. माझी नजर आधी तिथेच गेली. तुला झोप न येण्याचं कारण तेच आहे, अडतिसावा नंबर नाही.

हवेचं गणित तुला येतं, तरी एकदा माझ्याबरोबर मांड. वारा पडलेला असताना वेग ताशी ३० किलोमीटरवरून ३६ केला, म्हणजे नुसता २० टक्के वाढवला, तर हवा कापायला लागणारी ताकद सुमारे ७३ टक्के वाढते, कारण ती वेगाच्या घनाने चढते. सपाट रस्त्यावर शर्यतीच्या वेगाने जाताना आपली बहुतेक ताकद हवेतच जाते. दुसऱ्याच्या चाकामागे नीट बसलं की त्यातला मोठा हिस्सा वाचतो. मोठ्या घोळक्यात तर विचारूच नकोस. २०१८ साली १२१ स्वारांच्या घोळक्याचा वायुबोगद्यात आणि संगणकावर अभ्यास झाला, तेव्हा आत खोलवर बसलेल्या स्वाराला एकट्याच्या तुलनेत जेमतेम ५ ते १० टक्के विरोध सोसावा लागतो असं दिसलं. म्हणजे मागे बसणाऱ्याची वाचलेली ताकद ही पुढच्या कोणाच्या तरी पायांतून आलेली असते. उसनी असते. चौघांच्या ब्रेकमध्ये ती कोणाच्या पायांतून येते हे तर नावानिशी माहीत असतं. उसनं घेतलं तर फेडायचं. एवढंच तर मी तुम्हाला इतकी वर्षं सांगतेय: आपल्या वाट्याचा वारा घे.

आणि उलट बाजूही ऐक, ही मला फार आवडते. मागे कोणी असलं तर पुढच्यालाही किंचित फायदा होतो, दोनेक टक्क्यांचा. त्याच्या पाठीमागे हवा भोवरे करून त्याला मागे खेचत असते, ते खेचणं मागच्यामुळे जरा कमी होतं. रांगेत कोणीच फुकट नसतो. फक्त प्रत्येकाने पुढे यायचं असतं.

तू म्हणशील, शर्यत आहे, डोकं वापरायचं असतं, मोठे स्वारसुद्धा मागे बसतात. बसतात. त्यांना त्याचा पगार मिळतो, मागून येणाऱ्या संघाच्या गाडीतून हुकूम येतो, आणि बसला तर का बसला हे बाकीच्या सगळ्यांना कळलेलं असतं. तुला सोमवारी कामावर जायचं असतं. तुझ्या शर्यतींत दर आठवड्याला तीच चाळीस-पन्नास माणसं असतात. त्यांच्याबरोबरच सराव करायचा, त्यांच्याकडूनच पंक्चर झाल्यावर ट्यूब मागायची, पडलास तर तेच तुला उचलणार. हौशी स्वाराकडे दुसरं आहे काय?

हे मी इतकं ताणून का सांगतेय, ते आजवर संघात कोणाला सांगितलेलं नाही. सव्विसाव्या वर्षी मी एक शर्यत जिंकले. तिघींचा ब्रेक होता, अठरा किलोमीटर उरलेले. मी पोटरीत गोळा आल्याचं सोंग केलं. खोगिरावरून उठायचे, पाय झटकायचे, तोंड वाकडं करायचे. त्या दोघी एकमेकींत टर्न घेत राहिल्या. त्यातली एक वर्षभर माझ्याबरोबर सराव करणारी होती. तिने दोनदा मागे वळून विचारलं, "बरी आहेस ना?" मी मान हलवली. शेवटच्या दोनशे मीटरला मी दोघींच्या बाजूने निघून गेले.

ती काहीच बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त माझ्याबरोबर सरावाला येणं बंद केलं, आणि पुढे दीड-दोन वर्षांत सायकलच सोडली. माझ्यामुळे सोडली असं म्हणण्याचा मला अधिकार नाही, तिची इतर कारणं असतील. पण त्या अठरा किलोमीटरांची माफी मी कधी मागितली नाही. तो चषक कपाटात आहे. बाहेर ठेवावासा वाटला नाही, टाकवतही नाही.

त्यानंतर मी हट्टी झाले. इतकी, की काही वर्षांनी पाच जणींच्या ब्रेकमध्ये असताना कर्णधाराने आधीच बजावलं होतं, 'शेवटी बसून राहा, संघाला गुण हवेत'. मी बसले नाही. प्रत्येक टर्न घेतला, शेवटपर्यंत, आणि पाचवी आले. ते गुण हुकल्यामुळे आमचं मोसमाचं पारितोषिक गेलं. कर्णधार महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मी संघाचा विश्वासघात केला असं तेव्हा म्हटलं गेलं, आजही काही जण म्हणतात. मी त्यावर पुष्कळ विचार केलाय. संघाचं ऐकायला हवं होतं, हे मला समजतं. पण पुन्हा ती वेळ आली तर मी पुन्हा ओढेन. एकदा सोंग केलेल्या माणसाला दुसरा पर्याय उरत नाही, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. तू मला चूक म्हणालास तरी चालेल. फक्त मागे वळून 'बरी आहेस ना' विचारणारा तो चेहरा डोळ्यांसमोर आण आणि मग म्हण.

आपल्या संघात नव्या मुलांना १९३४ च्या टूर दी फ्रान्सची गोष्ट सांगतात. रेने व्हिएतो, वीस वर्षांचा पोरगा. घाट उतरताना संघनायक आंतोनँ मान्यचं चाक निकामी झालं, याने आपलं पुढचं चाक काढून दिलं आणि रस्त्याकडेच्या भिंतीवर बसून रडत राहिला. दुसऱ्या दिवशी तर मागे वळून, घाट पुन्हा चढून, अख्खी सायकल देऊन आला. संघनायक टूर जिंकला, व्हिएतो पाचवा आला आणि पुढेही टूर कधीच जिंकला नाही. लोकांना ही गोष्ट त्यागाची म्हणून आवडते. मला ती नव्या मुलांना सांगितलेली आवडत नाही. शनिवारी तू जे केलंस त्याला तू मनात कुठेतरी असाच त्याग समजत होतास. मला तुझ्याकडून त्याग नको, वाटा हवाय. त्याग केलेला माणूस दुसऱ्या दिवशी वसुलीला निघतो, आणि रविवारी तू तेच केलंस.

माझ्या खोलीत चित्र लावायचं झालं तर मी टोकियोचं लावेन. २५ जुलै २०२१, ऑलिंपिकची महिलांची १३७ किलोमीटरची रोड रेस. ॲना कीझेनहोफर, गणितात डॉक्टरेट केलेली, कोणत्याही व्यावसायिक संघाशी करार नसलेली. झेंडा पडताच ब्रेकमध्ये निघाली, साथीदारांबरोबर टर्न घेत राहिली, आणि ४१ किलोमीटर उरले तेव्हा एकटी पुढे गेली. शर्यतीत रेडिओ नव्हते, पुढे कोण आहे हे कानात सांगणारं कोणी नव्हतं. मागे जगातल्या सर्वांत ताकदवान बायका होत्या, पण पाठलाग वेळेवर जमलाच नाही. सव्वा मिनिटाने ती जिंकली, आणि दुसऱ्या आलेल्या ॲनेमिक व्हॅन फ्लुटेनने आपणच जिंकलो असं समजून हात वर केले. मागच्या घोळक्यात पाय भरपूर होते, वारा घ्यायला पुढे कोण येणार याची वाट बघण्यात शर्यत गेली. लोक म्हणतात, तिचं नशीब. ते मला मान्य नाही. शंभराच्या आसपास किलोमीटर तिने आपल्या वाट्याचा वारा घेतला आणि उरलेला सगळा एकटीने.

आता कामाचं. टर्नची वेळ आली की वेग वाढवू नकोस. तुझी ही खोड जुनी आहे. पुढे आलास की दोन किलोमीटरने वेग चढवतोस आणि नुकताच बाजूला झालेला माणूस मागचं चाक पकडताना मरतो. मीटरकडे बघ, जो वेग होता तोच ठेव. बाजूला होताना वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला सरक, म्हणजे वर येणाऱ्यांना तुझ्या अंगाचा आडोसा मिळतो. शेवटचं चाक तुझ्या बरोबरीला यायच्या आधीच पॅडलवर जोर सुरू कर, नाहीतर फट पडते आणि ती भरायला दुप्पट लागते. पाय संपत आले असतील तर टर्न छोटा कर, दहा सेकंद, पाच सेकंद, पण पुढे ये. अगदीच नाही जमलं तर स्पष्ट सांग, "मी मागे राहतोय, मी स्प्रिंट करणार नाही", आणि मग खरोखर करू नकोस.

एक सूट आहे. आपला कोणी पुढे निसटलेला असेल तर त्याच्या पाठलागात तू ओढायचं नाहीस, कारण पुढे तो संघाचा वारा घेतोय. तेही तोंडाने सांगायचं. बोलून बसलं तर कोणी राग धरत नाही. रविवारी आपला कोणीच पुढे नव्हता.

पुढच्या तीन आठवड्यांचं ठरवून टाकलंय. टीम टाइम ट्रायलला, म्हणजे अख्ख्या संघाने मिळून घड्याळाशी लावायच्या शर्यतीला, तू रांगेत चौथ्या जागी. घड्याळ पहिल्या स्वारावर थांबत नाही, तिसऱ्यावर थांबतं, आणि आपण पाचच जण आहोत. सर्वांत जोरात असणाऱ्याने टर्न लांब घ्यायचा, वेग वाढवायचा नाही. हे तुला पाठ असलेलं मला हवंय. त्यानंतरच्या रविवारी २०० किलोमीटरची ब्रेव्हे. साडेतेरा तासांची मुदत असते, नंबर नसतो, पहिल्या आणि शेवटच्याला सारखंच प्रमाणपत्र. तुला आत्ता तीच हवीये. हात न मिळवणारा तो मुलगाही त्यात नाव नोंदवून आहे, मी यादी पाहिली. त्याला आधी फोन कर. नंबर माझ्याकडे आहे, मागितलास तर देईन. काय बोलायचं ते मी सांगणार नाही. मला ते कधी जमलं नाही.

त्याआधी या शनिवारची राइड आहे, एकशे वीस किलोमीटर. संघात नुकती आलेली मुलगी पहिल्यांदाच एवढी लांब येतेय, ती तुझ्या चाकावर असेल. तिला दर वेळी दहाच सेकंदांचा टर्न घेऊ दे, पण घेऊ दे. तिचा टर्न तू घेऊन टाकायचा नाही. परतीचे शेवटचे चाळीस किलोमीटर वारा समोरून असतो. साडेपाचला निघायचंय, मागचा दिवा चार्ज करून आण, गेल्या वेळी तुझा अर्ध्यात बंद पडला होता.

तुझी,
ताई