रात्री दोन वाजता कात्री

"ताई, माझ्या हातून एकही गोष्ट धड होत नाही. हा आळस आहे, की माझ्यातच काही कमी आहे?" समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की विचारणारीचा चेहरा बदलतो पण शब्द तेच राहतात. बहुतेक वेळा ती दिवसभर घरात राबणारी असते, म्हणून आळसाची शंका मी तिथल्या तिथे बाजूला ठेवते. उरलेल्या अर्ध्या प्रश्नासाठी एका मुलीची हकीकत सांगते. तिनं परवानगी दिली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

ती इंदिरानगरला राहते. लग्नाला दोन वर्षं झालेली. माहेर चांदवडकडचं. तिथे ती शाळेत शिकवायची. नाशिकला आल्यावर नोकरी सुटली. नवरा अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टवर. हॉल सासूबाईंनी हौसेनं लावलेला, स्वयंपाकघरातले डबेही त्यांच्याच हिशेबानं मांडलेले. बेडरूममधली पलंगामागची भिंत तेवढी रिकामी होती. तिथे आपल्या हातचं मॅक्रमे, म्हणजे दोरीच्या गाठींचं विणकाम, लावायचं असं तिनं ठरवलं.

मेन रोडवरून सुती दोरी आणली. अर्ध्यात पोचल्यावर ती कमी पडली. दोरी मधोमध दुमडून गाठी घालायच्या, तर तयार लांबीच्या साधारण आठपट दोरी लागते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सगळं उसवून पुन्हा सुरुवात केली. दीड महिन्याच्या दुपारी त्यात गेल्या. मग चिकटपट्टीच्या हुकांवर ते टांगलं. रात्रीच पडलं. जास्त वजन पेलणारे हुक आणले, चार दिवसांनी तेही सुटले. तिसऱ्यांदा ऐन श्रावणात, रात्री दोन वाजता, उशाशी ठेवलेला तांब्या घेऊनच खाली आलं. सासूबाई दार वाजवत आल्या, "काय पडलं गं?" नवरा झोपेतच म्हणाला, "अगं, तयार मिळतं की बाजारात." ती उठली, कात्री आणली आणि एकेक गाठ कापत बसली.

माझ्याकडे ती आली ती त्या कात्रीच्या भीतीनं. "मी अशी नाहीये हो," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

झोप, भूक, जगण्याबद्दलचे विचार, हे मी आधी नीट विचारून घेतलं. सलग दोन आठवडे उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, तर गाठ मनोविकारतज्ज्ञांशी घालून द्यायला हवी. तसं काही नव्हतं. मग मी तिला एक विचित्र वाटेल असं काम दिलं: घरी जाऊन त्या भिंतीवरून तळहात फिरवून ये.

पुढच्या वेळी ती दारातूनच सांगू लागली. तळहात पांढरा झाला होता. भिंतीचा डिस्टेंपर रंग जुना होऊन त्याची पूड सुटत होती. चिकटपट्टी त्या पुडीला चिकटली होती, भिंतीला नव्हेच. त्यात पावसाळ्याची ओल. तिथे कुणाचंही काम टिकलं नसतं. दीड महिना ती स्वतःला दोष देत होती आणि दोष रंगाचा होता! मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपण बायका वस्तू पडली की लगेच स्वतःला तपासायला घेतो. आधी भिंत तपासावी.

मग आम्ही तिची वाक्यं कागदावर काढली. "मला हे जमलंच पाहिजे होतं." "मी काहीच धड करत नाही." "सगळंच वाया गेलं." प्रत्येक वाक्यातल्या 'च'भोवती तिला गोल करायला लावला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत या हट्टी मागणीलाच हात घालतात, आणि मराठीत ती एका अक्षरात सापडते. 'च' काढून तिनं वाचलं, "मला हे जमावं असं वाटत होतं." आणि ती रडली. इच्छा म्हणून ऐकल्यावर त्यातलं दुःख खरं दिसलं: त्या घरात तिला स्वतःची अशी एक जागा हवी होती.

नवऱ्याला एकदा बोलावलं. भला माणूस. बायकोचा त्रास वाचावा म्हणून बोललो, असं त्याला मनापासून वाटत होतं. अमेरिकी संशोधक मायकेल नॉर्टन आणि सहकाऱ्यांचा २०१२मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मी त्याला सांगितला. लोकांनी स्वतः जोडलेल्या खोक्यांना आणि स्वतः केलेल्या कागदाच्या घड्यांना जास्त मोल दिलं होतं. मात्र काम पुरं झालं नाही तेव्हा हा जिव्हाळा टिकला नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मला ड्रिल आणायला हवं होतं."

पुढच्या रविवारी त्यानं शेजाऱ्यांकडून ते आणलं. तिनं आधी भिंतीवर बोटं वाजवून पाहिली आणि स्विचबोर्डाच्या सरळ वरची जागा सोडून दिली, तारा तिथूनच जातात म्हणून. तरी पहिलं भोक पोकळ प्लास्टरमध्ये गेलं आणि तुकडा निघाला. दुसरं वीतभर बाजूला. त्यात स्क्रूसाठीची गिट्टी घट्ट बसली, स्क्रूही पक्का धरला. सासूबाई स्टूल धरून उभ्या होत्या, हे तिनं मला दोनदा सांगितलं.

नवं मॅक्रमे आधीच्या निम्मंच आहे. कापलेल्या दोऱ्यांची तिनं खाली झालर लावली आहे. मला पाठवलेल्या फोटोत पहिलं फसलेलं भोकही स्वच्छ दिसतं. खाली तिनं लिहिलं होतं, "पुट्टी आणायची राहिली आहे. आणू सावकाश."